खालचा उजवा स्क्रू

माझ्या स्कूटरचा हॉर्न मे महिन्याच्या अखेरीस बंद पडला. रत्नागिरीत पहिला पाऊस यायला तेव्हा दहाबारा दिवस उरले होते, आणि आमच्याकडच्या वळणावळणांच्या, चढउतारांच्या रस्त्यांवर पावसाळ्यात ब्रेकनंतर लगेच ज्या वस्तूचा आधार वाटतो ती म्हणजे हॉर्न. दुरुस्ती मोठी असेल असे वाटत नव्हते. बहुधा एखादी वायर निसटली असेल किंवा जोडणीवर गंज आला असेल, एवढाच माझा अंदाज होता. मात्र त्या वायरपर्यंत पोहोचायचे तर स्कूटरच्या पुढच्या भागाचे प्लास्टिक, ज्याला गॅरेजमध्ये सगळे फायबर म्हणतात, ते काढावे लागते. फायबर काढायचे तर त्याच्यावर बसवलेली वारा अडवणारी काच आधी काढावी लागते. आणि काच काढायची तर चार स्क्रू काढावे लागतात. हे चार स्क्रू काढायला मला सहा दिवस लागले.

गॅरेजमधल्या मुलाने काचेभोवती एक फेरी मारली, डिसमिस एका स्क्रूला लावून पाहिला आणि लगेच काढून घेतला. "काका, हे कुणी बसवलंय?" असे त्याने विचारले. मी म्हटले, असेच कुणीतरी. "मी हात लावला तर काच तडकणार आणि मग तुम्ही मला बोलणार. नवीन काच घेणार असाल तर आत्ता फोडून काढतो." मला काच फोडायची नव्हती. स्कूटरबरोबर आलेली मूळ काच टीचभर होती. माझ्या उंचीच्या माणसाच्या छातीवर वारा आणि तोंडावर किडे यायचेच. म्हणून नोव्हेंबर 2021 मध्ये मी दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून तीन मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकची उंच काच मापाने कापून, गरम करून वाकवून घेतली होती. ती बसवली होती मी स्वतः. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्याजवळ होते, पण तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते चारचौघांत द्यावेसे वाटले नाही.

आपण तिला काच म्हणतो, पण ती काच नव्हे, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. खरी काच असती तर तिच्यावर रॉकेल ओतले तरी तिला काही झाले नसते. ॲक्रिलिकचे तसे नाही. पेट्रोल, थिनर, गंज सोडवणारे फवारे आणि आटे पकडून ठेवणारे डिंक यांच्यापैकी कशाचाही संपर्क ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकशी झाला, तर त्याच्या अंगावर केसासारख्या बारीक भेगा उमटतात. ताण सर्वांत जास्त असतो तो भोकाच्या कडेला, स्क्रूच्या टोपीखाली, म्हणजे आपण जिथे तेल सोडायला जातो नेमके तिथे. लोखंडी गेटाच्या बिजागरीला जे उपाय चालतात त्यांतले निम्मे या एका कारणाने बाद होतात.

दुसरी अडचण स्क्रूच्या मागे दडलेली असते. बाहेरून चार टोप्या दिसतात आणि त्यांच्यामागे नट असतील असे वाटते. नट असतात, पण रबराच्या पोटात. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान असा एक रबरी नळीचा तुकडा, त्याला बाहेरच्या टोकाला टोपीसारखी कड आणि आतल्या टोकाला रबरातच चिकटवलेला पितळी नट. फायबरच्या भोकात हा रबरी नट नुसता सरकवायचा, वर काच ठेवायची आणि स्क्रू फिरवायचा. आटे वर चढले की पितळ पुढे ओढले जाते, मधले रबर दाबले जाऊन फुगते आणि भोकामागे घट्ट बसते. युक्ती फार सुंदर आहे. मागून हात घालावा लागत नाही, रबर हादरे गिळते, आणि काचेला थोडे इकडेतिकडे हलायला जागा राहते. मात्र त्या पितळाला धरून ठेवणारे रबराच्या घर्षणाशिवाय दुसरे काहीच नसते. आटे एकदा पितळात जाम झाले आणि रबराची पकड त्यापेक्षा कमी पडली, की स्क्रू, पितळ आणि रबर असे तिघे मिळून जागच्या जागी गिरक्या घेतात, आणि आपण बाहेर डिसमिस धरून फिरवत राहतो.

हे सगळे मला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, पण हातात डिसमिस आला की ठाऊक असलेले सगळे थोडा वेळ मागे राहते. वरचे दोन स्क्रू मात्र बऱ्या रीतीने निघाले. त्यांच्या फुलीच्या खाचेत तीन पावसाळ्यांचा मळ बसला होता. तो दाभणाने कोरून काढला, डिसमिसच्या मुठीवर तळहात ठेवून शरीराचा भार दिला, आणि आधी सोडवण्याच्या नव्हे तर आवळण्याच्या दिशेने किंचित फिरवून मग उलट फिरवले. आधी आवळण्याचा हा विचार विचित्र वाटतो, पण जाम झालेल्या आट्यांमधली पकड कुठल्याही दिशेने सुटली तरी सुटतेच. "टक्" असा बारीक आवाज झाला आणि दोन्ही स्क्रू वळले. मी बायकोला हाक मारून दाखवले. तिने "चहा टाकू का?" असे विचारले, यावरून तिला हे काम संपल्यासारखे वाटले असावे.

खालचा डावा स्क्रू मी स्वतःच्या हाताने बिघडवला. वरचे दोन निघाल्याच्या उत्साहात मधे एकदा डिसमिस खाली ठेवला, आणि पुन्हा उचलला तो घरातल्या संचातला एक नंबरचा, म्हणजे एक माप लहान. पाच मिलिमीटरच्या फुलीच्या स्क्रूला दोन नंबरचा लागतो. लहान डिसमिस खाचेत बसल्यासारखा वाटतो, पण तो फक्त तळाशी टेकलेला असतो, खाचेच्या भिंतींना त्याचा धड स्पर्शही होत नाही. एक झटका दिला आणि तो खाच ओरबाडत बाहेर आला. ही फुलीची खाच अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातील हेन्री फिलिप्स यांच्या पेटंटांमुळे 1936 पासून जगभर गेली. कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्याने ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली, कारण यंत्राने स्क्रू बसवताना डिसमिस आपोआप खाचेच्या मध्यावर येतो. बसवणाऱ्याची सोय उत्तम झाली. काढणाऱ्याची तेवढी झाली नाही, कारण त्या खाचेच्या भिंती उतरत्या आहेत आणि फिरवण्याचा जोर वाढला की त्याच डिसमिसला बाहेर ढकलतात. चपट्या खाचेचा स्क्रू हट्टी झाला तर निदान त्याला नवी खाच पाडता येते. फुलीची झिजून वाटी झाली की डिसमिसला धरायला काही उरत नाही.

(डिसमिस हा शब्द मला फार आवडतो. नोकरीवरून काढतात तेही डिसमिस आणि स्क्रू काढतात तेही डिसमिसने. जुन्या मराठीत स्क्रूला मळसूत्र म्हणत आणि पेचही म्हणत. पेचात सापडणे म्हणजे काय ते ज्याने फिरणारा रबरी नट पाहिला आहे त्याला कोशात पाहावे लागणार नाही.)

त्या वाटीत मी व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट भरून पाहिली. ती पकड वाढवते हे खरे, आणि खाच नुकती घसरू लागलेली असताना तिचा उपयोग होतोही. माझी खाच त्या पलीकडे गेली होती. हातोडीचा घाव बसला की स्वतः वळणारा इम्पॅक्ट डिसमिस गॅरेजमध्ये असतो, तो आणावा असेही मनात आले, पण त्या हत्याराचा घाव लोखंडाच्या ठोकळ्यावर चालतो. इथे खाली रबर आणि भोवती ॲक्रिलिक; रबराने घाव गिळला असता आणि ॲक्रिलिकने दाखवला असता.

मग मला उष्णतेची आठवण झाली. धातू तापला की प्रसरण पावतो, बाहेरचा धातू आतल्यापेक्षा जास्त पसरला तर पकड सुटते, हे मी दरवर्षी वर्गात पितळी गोळा आणि कडे घेऊन दाखवत असे. यावेळी मात्र वही काढून आकडे मांडले आणि ओशाळलो. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि पितळी नट यांच्या प्रसरणांतला फरक इतका थोडा आहे, की शंभर अंशांनी तापवले तरी पाच मिलिमीटरच्या भोकात एका मिलिमीटरचा हजारावा भाग एवढीच जागा होते. त्याहून वाईट म्हणजे स्टेनलेस स्टील उष्णता फार सावकाश वाहून नेते, पितळेच्या मानाने सहासात पटींनी कमी. सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक मी टोपीवर टेकवले असते तर उष्णता सेंटीमीटरभर आत असलेल्या पितळापर्यंत पोहोचण्याआधी टोपीशेजारचे ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडून फुगले असते. साधे लोखंडी स्क्रू असते तर हा उपाय कदाचित लागू पडला असता. पण मीच ते मूळचे काळे स्क्रू काढून, खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून, हौसेने स्टेनलेसचे आणले होते.

खाऱ्या हवेविषयी दोन शब्द लिहायला हवेत. माझा नेहमीचा रस्ता आरे-वाऱ्याचा, मालगुंडकडे जाणारा. त्या रस्त्याची छायाचित्रे लोक हौसेने काढतात. त्यांत डोंगराच्या कडेने जाणारा डांबरी पट्टा आणि खाली फेसाळ समुद्र दिसतो, पण वाऱ्याबरोबर वर येणारी मिठाची फवार दिसत नाही. घरी येऊन काच पुसली की फडक्यावर पांढरा थर येतो. तेच मीठ स्क्रूच्या टोपीखाली शिरते, पावसात विरघळते, आटे आणि पितळ यांच्या मध्ये खारे पाणी साठवते आणि दोन निरनिराळ्या धातूंमध्ये लहानशी विजेची घटमाला चालू ठेवते. स्टेनलेस चकचकीत राहते आणि पितळ हिरवे पडत जाते. मी स्क्रू गंजणार नाही याची काळजी घेतली होती. तो ज्यात बसतो त्याचे काय होईल याचा विचार केला नव्हता.

शेवटी डाव्या स्क्रूला ड्रिल लावायचे ठरले. पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडून तो टोपीभोवती काचेवर चिकटवला, कारण तापलेला कीस ॲक्रिलिकवर पडला की डाग कायमचा राहतो. स्टेनलेसला घाई चालत नाही; ड्रिल जोरात फिरवून वर नुसते घासत ठेवले तर त्याचा पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि मग ड्रिलच बोथट होते. म्हणून अगदी हळू फिरवायचे आणि दाब मात्र भरपूर द्यायचा. आधी तीन मिलिमीटरचे, मग पाचचे. खाचेची वाटी झाली होती तिचा एवढा एक फायदा झाला की ड्रिलचे टोक आपोआप मध्यावर राहिले. पाऊण तासाने स्क्रूची टोपी देठापासून सुटली आणि ड्रिलच्या अंगात अंगठीसारखी अडकून फिरू लागली. काच त्या बाजूने मोकळी झाली. रबरी नट देठासकट फायबरमध्येच राहिला. पण टोपी गेल्याने त्याच्यावरचा ताण गेला होता, फुगवटा उतरला होता, आणि देठ पकडीत धरून ओढल्यावर तो बाटलीच्या बुचासारखा बाहेर आला.

उरला खालचा उजवा. त्याच्यावर मी दुसऱ्याच दिवशी कुणाला न विचारता गंज सोडवणारा फवारा मारून ठेवला होता. ॲक्रिलिकला जपायचे म्हणून भोवती कापूस लावला होता एवढे खरे, पण त्या फवाऱ्याचा तिथे काही उपयोगच नव्हता. आटे आत, रबराच्या पोटात. तेल बाहेरून जाते ते टोपीखालून रबर आणि फायबर यांच्या फटीत. म्हणजे जिथे घर्षण कमी व्हायला हवे होते तिथे तेल पोहोचले नाही, आणि ज्या घर्षणाच्या जोरावर पितळ धरून ठेवायचे होते ते मी स्वतः वंगण घालून घालवले. डिसमिस लावला की स्क्रू लोण्यातून फिरल्यासारखा फिरे, आणि मिलिमीटरभरही बाहेर येत नसे. बाकीचे तीन निघाल्यामुळे आता सगळी काचही त्या एका स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरू लागली.

याही स्क्रूला ड्रिल लावून पाहिले. स्क्रू ड्रिलबरोबरच फिरू लागला, आणि जे स्वतःच फिरते ते कापणार कसे?

पाचव्या दिवशी संध्याकाळी शेजारचे चाचा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मिरकरवाड्याच्या बंदरात त्यांनी आयुष्यभर होड्यांची इंजिने दुरुस्त केली आहेत; त्यांच्या हाताखाली आलेला एकही बोल्ट मिठाशिवाय आला नसेल. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, तुम्ही त्याला फिरवताय. त्याला आधी ओढा. ओढल्याशिवाय तो धरायचा नाय."

मला एका क्षणात त्याचा अर्थ कळला आणि तो आपल्याला सुचला नाही याचे वाईटही वाटले. रबर भोकामागे फुगलेले आहे. काच बाहेरच्या बाजूला ओढून धरली तर ते फुगलेले रबर फायबरच्या पाठीवर दाबले जाणार, घर्षण वाढणार. पण नुसत्या हाताने ओढले तर काच वाकणार आणि भोकापाशी तडकणार. चाचांनी कुंपणाच्या बांबूची एक कांब तासून दोन पाचरी केल्या आणि स्क्रूच्या दोन्ही बाजूंना, अगदी जवळ, काच आणि फायबर यांच्या फटीत हलकेच सरकवल्या. धातूची पाचर असती तर ओरखडे पडले असते. आता मी दोन नंबरचा डिसमिस लावून भार दिला, आणि स्क्रू पहिल्यांदाच अडला. अडला आणि अर्धा फेरा वळला. पुढच्या फेऱ्याला खाच कुरकुरू लागली. चाचांनी माझ्या हातावर हात ठेवून थांबवले, ते बरे झाले, नाहीतर मी त्याचीही वाटी केली असती.

"आता रबर कापा," ते म्हणाले. "रबर दहा-वीस रुपयांचं, काच तुमची हजाराची."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात मी लोखंड कापायच्या करवतीचे नुसते पाते घेतले, त्याच्या एका टोकाला धरायला कापड गुंडाळले, काचेच्या बाजूने जुन्या एटीएम कार्डाची आड धरली, आणि रबरी नटाची बाहेरची कड, जी काच आणि फायबर यांच्यामध्ये चेपून बसलेली असते, ती स्क्रूभोवती चारही बाजूंनी कापत गेलो. काम कंटाळवाणे होते. पाते एका वेळी बोटभरच पुढेमागे होई आणि काळा भुगा नाकात जाई. पण कड निघताच काच आणि फायबर यांच्यामधला ताण नाहीसा झाला. साबणाचे पाणी सोडले, काच दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवत ओढली, आणि ती स्क्रू, पितळ आणि उरलेले रबर यांच्यासकट हातात आली.

पायरीवर बसून मी त्या पितळाला पकडीत धरले आणि डिसमिस फिरवला. आता पितळाला धरून ठेवणारे काहीतरी होते, म्हणून स्क्रू एका झटक्यात सुटला. आट्यांतून हिरवी पूड पडली, आणि तिच्याबरोबर निळी पूड. ती निळी पूड पाहून मला त्या नोव्हेंबरमधली दुपार आठवली. हादऱ्यांनी स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून मी चारही आट्यांवर निळ्या डिंकाचा एकेक थेंब सोडला होता. रबर हादरे गिळण्यासाठीच असते, तिथे डिंकाची काही गरज नसते, हे तेव्हा डोक्यात आले नाही. आणि उजव्या स्क्रूवर थेंब मोठा पडून काचेवर ओघळला होता, तो मी बोटाने पुसला होता. त्या भोकाभोवती ज्या केसासारख्या भेगा दीड-दोन वर्षे दिसत होत्या, त्यांच्यासाठी मी पाट्या बनवणाऱ्या कारागिराला मनातल्या मनात बरेच काही बोललो होतो. भेगा त्याच्या ॲक्रिलिकच्या नव्हत्या. त्याच्याकडे मी अजून गेलेलो नाही, पण जायला हवे.

भोकेही मी चुकीची पाडली होती, हे मोजल्यावर लक्षात आले. पाच मिलिमीटरच्या स्क्रूला अचूक पाचाचे भोक पाडण्यात मला तेव्हा कौशल्य वाटले होते. पण काळे फायबर उन्हात जितके तापते तितकी पारदर्शक काच तापत नाही, त्यामुळे दोन्ही सारख्या प्रमाणात फुगत नाहीत; वीस सेंटीमीटर ॲक्रिलिक तीस अंशांनी तापले तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढते. त्याला हलायला जागा नसेल तर सगळा ताण स्क्रूच्या अंगावर आणि भोकाच्या कडेवर येतो. आता भोके साडेसहाची केली आहेत, कडा बारीक पॉलिश कागदाने गोल केल्या आहेत, आणि टोपीखाली रबरी वायसर घातले आहेत. नवे रबरी नट आणि नवे स्क्रू आले. आट्यांवर चाचांनी दिलेले, होडीवर वापरतात ते ग्रीस काडीच्या टोकाने लावले. काचेला लागू नये म्हणून ते फक्त शेंड्याला. आवळले ते डिसमिस मुठीत न धरता, अंगठा आणि तर्जनीत धरून, रबराने किंचित अडवल्यासारखे केले तिथपर्यंत. चाचा मागे उभे राहून पाहत होते, म्हणून त्याहून एक धागाही जास्त आवळला नाही.

हॉर्नचे म्हणाल तर फायबर काढल्यावर त्याच्या जोडणीवर हिरवा थर दिसला. टर्मिनल उपसले, पॉलिश कागदाने घासले, पुन्हा बसवले. दोन मिनिटे लागली.

ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर मी चारही स्क्रू एकदा सोडवून पुन्हा बसवले. वरचे दोन आणि खालचा डावा नुसत्या बोटांनी सुटले. खालचा उजवा पहिल्या पाव फेऱ्यात जरा कुरकुरला. मी डिसमिस काढला, त्याचा नंबर पाहिला, दोनच होता, आणि मग पुन्हा लावला.